गॅस टर्बाइनला पाणी किंवा वाफ देताना पार्टचं आयुष्य कसं जपायचं

पाणी मारलं की ज्वाला थंड होते, मग ब्लेडही थंड राहत असणार, असा सरळ हिशोब कंट्रोल रूममध्ये हमखास ऐकू येतो. ज्वालेपुरता तो बरोबर आहे, ब्लेडपुरता उलटा. फायरिंग टेंपरेचर (टर्बाइनच्या पहिल्या स्टेजमध्ये शिरणाऱ्या वायूचं तापमान) तेच ठेवून पाणी किंवा वाफ दिली, तर पहिल्या स्टेजच्या ब्लेडचं धातूचं तापमान वाढतं. त्यात आयुष्याचे किती तास जातात आणि ते घालवायचे की नाही, हे बऱ्याच अंशी प्लांटच्याच हातात असतं, फक्त तो निर्णय जाणूनबुजून घेतला जात नाही. कमिशनिंगच्या वेळी कोणीतरी एक सेटिंग केलेलं असतं आणि पुढची वीस वर्षं तेच चालू राहतं.

खालची उदाहरणं मुख्यतः जीईच्या हेवी-ड्यूटी फ्रेम मशीनची आहेत (६बी, ७ईए), कारण त्यांचे देखभालीचे नियम छापील स्वरूपात सहज मिळतात. तुमचं मशीन दुसऱ्या ओईएमचं (मूळ उत्पादकाचं) असेल तर भौतिकशास्त्र तेच, आकडे त्यांच्या मॅन्युअलमधून घ्या.

पायरी १: पाणी कशासाठी आणि कुठे जातंय ते आधी पाहा

दोन कारणं असतात. पहिलं नॉक्स, म्हणजे धुरातले प्रदूषक नायट्रोजन ऑक्साइड. हवेतला नायट्रोजन जळण्याचा वेग ज्वालेच्या तापमानासोबत घातांकी पद्धतीने वाढतो. साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर तो झपाट्याने चढतो. ज्वालेत पाणी सोडलं की ते तापताना आणि वाफ होताना उष्णता ओढून घेतं आणि शेंडा खाली येतो. अमेरिकेत १९७९ साली नव्या गॅस टर्बाइनसाठी ७५ पीपीएमच्या आसपासची मर्यादा आली, पुढे ती अनेक ठिकाणी ४२ आणि २५ वर गेली. ड्राय लो नॉक्स (पाण्याशिवाय नॉक्स कमी ठेवणारे) कंबस्टर, म्हणजे ज्वलनकक्ष, येईपर्यंत ती गाठायचा मुख्य मार्ग पाणी किंवा वाफ हाच होता. इंधनाच्या वजनाइतकं किंवा त्याहून थोडं कमी पाणी दिलं तर नॉक्स ६० टक्क्यांहून जास्त घटू शकतो. वाफेत सुप्त उष्णतेचा फायदा नसल्यामुळे तेवढ्याच परिणामासाठी ती वजनाने बरीच जास्त लागते.

दुसरं कारण पॉवर. टर्बाइनमधून जाणारं वस्तुमान वाढतं, पण त्यासाठी कंप्रेसरला जास्तीचं काम करावं लागत नाही. म्हणून आउटपुट वाढतं. पाण्याच्या बाबतीत ५-६ टक्के जास्त वीज मिळते आणि २-३ टक्के एफिशियन्सी जाते, कारण पाण्याची वाफ करायला इंधनच जळतं. वाफ एचआरएसजीमधून (एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालणाऱ्या बॉयलरमधून) आली असेल तर एफिशियन्सी उलट सुधारते. चेंग सायकलचं (अशी वाफ परत टर्बाइनमध्ये सोडणाऱ्या पद्धतीचं) सगळं गणित यावरच उभं आहे.

पी अँड आयडी (पाइपिंगचा आराखडा) उघडून लाइन कुठे जाते ते बोटाने शोधा. फ्युएल नोझलमध्ये जात असेल तर ती नॉक्ससाठी आहे. कंप्रेसर डिस्चार्ज केसिंगमध्ये जात असेल तर पॉवरसाठी. दुसऱ्या प्रकारात वाफ ज्वालेच्या आधी हवेत मिसळलेली असते, म्हणजे पहिल्या स्टेजच्या नोझलला (टर्बाइनच्या स्थिर पात्यांना; फ्युएल नोझल वेगळे) थंड करणाऱ्या हवेतही ती असते. तिच्यासोबत मीठ आलं तर ते कूलिंगच्या भोकांमध्येही जाणार.

इनलेट फॉगिंग आणि वेट कंप्रेशन (कंप्रेसरमध्ये शिरणाऱ्या हवेतच पाण्याचा फवारा) हे तिसरंच प्रकरण आहे. तिथे धोका टर्बाइनला कमी आणि कंप्रेसरच्या पहिल्या ओळीच्या ब्लेडना जास्त. मोठे थेंब लीडिंग एज कुरतडतात आणि त्या खड्ड्यांतून तडे सुरू होतात. फॉगिंग नोझलचे थेंब २० मायक्रॉनच्या आत आहेत का, इनलेट डक्टमध्ये पाणी साठून एकदम ओढलं जातंय का, एवढं तपासा. बाकी या लेखात तो विषय नाही.

पायरी २: ड्राय कर्व्ह की वेट कर्व्ह

सगळ्यात जास्त आयुष्य या एका सेटिंगने ठरतं, म्हणून इथे थोडं थांबू.

फायरिंग टेंपरेचर थेट मोजलं जात नाही. कंट्रोलर एक्झॉस्टचं तापमान आणि कंप्रेसर डिस्चार्ज प्रेशर बघतो आणि एका कर्व्हवरून इंधन मर्यादित ठेवतो. आता वाफ आली. वाफेची विशिष्ट उष्णता गरम हवेच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे तेवढ्याच प्रसरणात वायूचं तापमान कमी उतरतं आणि फायरिंग टेंपरेचर न बदलताही एक्झॉस्ट जास्त गरम दिसतो. कंट्रोलरमध्ये जुनाच, म्हणजे ड्राय कर्व्ह असेल, तर त्याला वाटतं मशीन जास्त तापलंय, आणि तो इंधन कापतो. वेट कर्व्ह हा वाफेच्या प्रमाणात वर सरकवलेला असतो. तो फायरिंग टेंपरेचर पूर्वीइतकंच राखतो.

७ईएचं जीईने दिलेलं उदाहरण बोलकं आहे. ३ टक्के वाफ दिली, तर वेट कर्व्हवर फायरिंग टेंपरेचर ११०४ अंश सेल्सिअस राहतं आणि आउटपुट सुमारे १० टक्के वाढतं. ड्राय कर्व्हवर तेच तापमान सुमारे १०९० वर येतं आणि आउटपुट सुमारे ८ टक्के वाढतं. म्हणजे भांडण वरच्या दोन टक्क्यांचं आहे.

त्या दोन टक्क्यांची किंमत काय? वाफ मिसळलेल्या वायूची उष्णता वाहून नेण्याची क्षमता जास्त, म्हणून वायूपासून ब्लेडकडे उष्णता जाण्याचा गुणांक सुमारे ४ टक्के वाढतो. ब्लेडच्या धातूचं तापमान ८ अंशांनी चढतं. आणि आयुष्य? सुमारे ३३ टक्के कमी.

८ अंशांत एक तृतीयांश आयुष्य जातं यावर नवीन इंजिनिअरचा विश्वास बसत नाही, म्हणून कागदावर करून बघा. क्रीपसाठी (ताणाखाली तापलेला धातू हळूहळू लांबत जाणं) लार्सन-मिलर सूत्र: केल्विनमधलं तापमान गुणिले (२० अधिक तासांचा लॉग). समजा धातू ८५० अंशांवर, म्हणजे ११२३ केल्विनवर आहे आणि आयुष्य २४,००० तास. लॉग ४.३८. गुणाकार २७,३७९. धातूवरचा ताण बदललेला नाही, म्हणून हा आकडा तोच राहतो. आता तापमान ११३१ केल्विन करा. २७,३७९ भागिले ११३१ म्हणजे २४.२०८, त्यातून २० गेले, उरला लॉग ४.२०८. तास झाले सुमारे १६,१००. गेले ३३ टक्के. ८५० हा आकडा मी सोयीसाठी घेतला, पण आसपासचा कुठलाही घेतलात तरी उत्तर फार हलत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. वेट कर्व्हवरून मिळणाऱ्या जादा मेगावॅटचा दर खरोखर चांगला असेल, उदाहरणार्थ उन्हाळ्यातल्या पीकच्या तासांना, तरच वेट कर्व्ह वापरा. वर्षभर बेस लोडवर तो चालू ठेवणं म्हणजे हॉट गॅस पाथचे (ब्लेड, नोझल असे गरम वायूच्या वाटेतले) पार्ट विकून वीज तयार करणं.

मार्क-५ किंवा मार्क-६ (जीईचे कंट्रोलर) मध्ये कंट्रोल इंजिनिअरला बसवून एक्झॉस्ट टेंपरेचर कंट्रोलचे कॉन्स्टंट काढून घ्या आणि त्यात वाफेच्या प्रवाहावरून मिळणारं करेक्शन चालू आहे का ते पाहा. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

पायरी ३: मेंटेनन्स फॅक्टर काढा

जीईच्या देखभाल पुस्तिकेत, जीईआर-३६२० मध्ये, बेस लोडवर, नैसर्गिक वायूवर आणि पाण्याशिवाय चालणाऱ्या मशीनचं हॉट गॅस पाथ इन्स्पेक्शन २४,००० तासांना धरलेलं आहे. पाणी किंवा वाफ आली की तासांना एका गुणकाने गुणायचं. गुणक = के + (एम × आय). इथे आय म्हणजे इनलेट हवेच्या तुलनेत दिलेल्या पाण्याची टक्केवारी. इंधनाच्या तुलनेतली नव्हे. ही गल्लत सर्रास होते. के आणि एम दोन गोष्टींवर ठरतात: कर्व्ह कोणता, आणि दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजचे नोझल कोणत्या धातूचे.

वेट कर्व्ह, एफएसएक्स-४१४ कोबाल्ट धातू: के १, एम ०.५५.
वेट कर्व्ह, जीटीडी-२२२ निकेल धातू: के १, एम ०.१८.
ड्राय कर्व्ह, २.२ टक्क्यांपर्यंत: कोणताही धातू असो, गुणक १.
ड्राय कर्व्ह, २.२ टक्क्यांच्या वर, एफएसएक्स-४१४: के ०.६, एम ०.१८.

एक ६बी घेऊ. सुमारे ४० मेगावॅट, सेकंदाला सुमारे १४० किलो हवा, २.५ किलो गॅस. पाण्याचं इंधनाशी प्रमाण ०.८ ठेवलं तर सेकंदाला २ किलो पाणी, म्हणजे हवेच्या १.४ टक्के. वेट कर्व्हवर जुने एफएसएक्स-४१४ नोझल असतील तर गुणक १.७७, आणि इन्स्पेक्शन २४,००० ऐवजी सुमारे १३,५५० तासांना. नोझल जीटीडी-२२२ चे असतील तर गुणक १.२५, सुमारे १९,१५० तास. ड्राय कर्व्हवर? पूर्ण २४,०००. डिझेल, पीक फायरिंग वगैरेचे गुणक यावर आणखी बसतात, ते वेगळे लावा. आणि पुस्तिकेची तुमच्या मशीनला लागू असलेली आवृत्तीच वापरा, कारण आवृत्तीगणिक तक्ते बदलत आले आहेत.

नोझलचा धातू इतका का महत्त्वाचा? दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेजचे नोझल बाहेरच्या बाजूने धरलेले असतात, आतलं टोक मोकळं. वस्तुमान वाढलं की त्यांच्यावरचा वायूचा दाब वाढतो, आणि वर्षानुवर्षं तापलेल्या अवस्थेत ते आतल्या टोकाला खाली, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने, झुकत जातात. झुकणं फार झालं की आतल्या डायफ्रामचं फिरत्या भागापासूनचं अंतर बिघडतं. म्हणून केसिंग उघडल्यावर नुसती तड्यांची नोंद पुरत नाही. प्रत्येक नोझल सेगमेंटचं डिफ्लेक्शन मोजा, मागच्या वेळच्या आकड्याशेजारी लिहा आणि दर हजार तासांना किती वाढलं ते काढा. नोझल बदलायचे की दुरुस्तीला पाठवायचे, हे त्या एका आकड्यावरून दिवाळीच्या शटडाउनच्या सहा महिने आधी कळू शकतं.

पायरी ४: डीएम पाण्याचा हिशोब वर्षाच्या किलोत करा

डीएम पाण्यासाठी, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्यासाठी, हेवी-ड्यूटी मशीनची साधारण मागणी अशी असते: एकूण घन पदार्थ ५ पीपीएमच्या आत, सोडियम-पोटॅशियमसारखे धातू मिळून ०.५ पीपीएमच्या आत, पीएच ६.५ ते ७.५. एरोडेरिव्हेटिव्हसाठी (विमानाच्या इंजिनावरून बनवलेल्या टर्बाइनसाठी) मर्यादा याहून कडक असते. "०.५ पीपीएम म्हणजे नसल्यासारखंच" असं म्हणणाऱ्याला वरच्याच ६बीचं उदाहरण द्या. तासाला ७.२ टन पाणी, वर्षाला ८००० तास, म्हणजे ५७,६०० टन. ५ पीपीएमने त्यात २८८ किलो घन पदार्थ जातात. ०.५ पीपीएमने जवळपास २९ किलो सोडियम-पोटॅशियम. मर्यादेत राहूनसुद्धा.

सोडियम गंधकासोबत सोडियम सल्फेट बनवतं. ते ८८४ अंशांना वितळतं आणि ब्लेडवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर विरघळवतं. यालाच हॉट करोजन म्हणतात. त्याचा पहिला प्रकार साधारण ८०० ते ९५० अंशांत, दुसरा ६०० ते ७५० च्या पट्ट्यात. म्हणून ब्लेडच्या पानावर काही दिसलं नाही तरी शँक (ब्लेडच्या बुंध्याजवळचा भाग) आणि प्लॅटफॉर्मखालचा थंड भाग पाहायचा असतो.

मर्यादा एकट्या पाण्याची बघू नका. इंधन, हवा आणि पाणी या तिन्हींतलं सोडियम इंधनाच्या प्रमाणात बदलून बेरीज करा: इंधनातलं, अधिक हवेतलं गुणिले हवा-इंधन प्रमाण, अधिक पाण्यातलं गुणिले पाणी-इंधन प्रमाण. बेरीज साधारण १ पीपीएमच्या आत हवी. आपल्या ६बीत हवा-इंधन प्रमाण ५६. हवेत ०.००५ पीपीएम सोडियम धरलं तर त्याचे ०.२८ झाले, पाण्याचे ०.८ गुणिले ०.५ म्हणजे ०.४. एकूण ०.६८, ठीक. आता फिल्टर हाउसच्या सीलमधून गळती होऊन हवेतलं मीठ दुप्पट झालं, तर बेरीज ०.९६. पाण्याचा रिपोर्ट तोच आहे, हिरवा आहे, आणि तुम्ही काठावर आहात. उरण किंवा अंजनवेलसारख्या समुद्रालगतच्या केंद्रांत हवेचा हा वाटा कधीच शून्य धरता येत नाही, आणि पावसाळ्यात भिजलेल्या फिल्टरमधून विरघळलेलं मीठ पुढे सरकतं ते वेगळंच.

आणखी दोन गोष्टी. डीएम प्लांटच्या आउटलेटला घेतलेला नमुना मशीनच्या तोंडाशी काय जातंय ते सांगत नाही. शुद्ध पाणी कार्बन स्टीलच्या पाइपमधून लोखंड उचलतं, त्यामुळे टाकीपासून स्किडपर्यंत स्टेनलेस हवं आणि नमुना स्किडनंतर घ्यायला हवा. दुसरं, वाफ. ड्रममध्ये ट्रायसोडियम फॉस्फेटचं डोसिंग चालू असेल तर कॅरीओव्हर (वाफेसोबत ड्रममधलं पाणी वाहून येणं) म्हणजे टर्बाइनला थेट सोडियमचा डोस. बॉयलरच्या माणसाला ड्रमची लेव्हल थोडी वर ठेवायला आवडतं, ब्लेडना ते आवडत नाही. वाफेच्या लाइनवर सोडियम अ‍ॅनालायझर बसवा आणि डीसुपरहीटरचं (वाफेचं तापमान उतरवायला तिच्यात सोडलेलं) पाणी कुठून येतं तेही पाहा.

पायरी ५: कंबस्टरमध्ये नेमकं कुठे बघायचं

टर्बाइनचं आयुष्य हळूहळू सरतं, कंबस्टरचं खडखडून. पाणी वाढलं की ज्वाला अस्थिर होते आणि दाबाची स्पंदनं वाढतात. लाइनर (ज्वालेभोवतीचं नळकांडं) आणि ट्रान्झिशन पीस (तिथून वायू टर्बाइनकडे नेणारा भाग) सतत थरथरतात आणि जिथे धातू धातूवर घासतो तिथे झिजतात. नॉक्सची मर्यादा जेवढी खाली, तेवढं पाणी जास्त आणि तेवढं कंबशन इन्स्पेक्शन लवकर. २५ पीपीएमसाठी जीईने अनेक नोझलचा, कमी आवाजाचा वेगळा कंबस्टर आणला तो याच दुखण्यासाठी.

बोअरोस्कोपी किंवा इन्स्पेक्शनच्या वेळी या जागा सोडू नका: लाइनरच्या मागच्या टोकाचं हुला सील, क्रॉसफायर ट्यूबचे कॉलर, लाइनर स्टॉप, ट्रान्झिशन पीसच्या पिक्चर फ्रेमची साइड सील आणि मागचा ब्रॅकेट. घासलेला भाग चकचकीत दिसतो. भिंतीची उरलेली जाडी मोजा. पाण्याच्या मशीनवर फ्युएल नोझलचं टोक आणि स्वर्लर भिंगाखाली घ्या. थंड पाणी तापलेल्या धातूवर आदळत राहिलं की तिथे बारीक तड्यांचं जाळं उमटतं, आणि पाण्याचा फवारा वाकडा झाला की लाइनर कॅपवर एकाच जागी तसंच जाळं. तड्यांची जागा पाहून कोणत्या नोझलचा फवारा चुकलाय ते सांगता येतं. पाणी मधोमध नेणारे ब्रीच-लोडेड फ्युएल नोझल बसवले तर हा त्रास मुळातच बराच कमी होतो. जुन्या युनिटला खर्च करायचाच असेल तर तो पहिला इथे करा.

रोजच्या कामात दोन सूचक धरा. सीओ (कार्बन मोनॉक्साइड): पाण्याचं प्रमाण वाढवताना तो एका टप्प्यापर्यंत हलत नाही, मग एकदम चढतो. त्या टप्प्यापलीकडे पाणी देणं म्हणजे ज्वाला विझवण्याच्या दिशेने जाणं. आणि एक्झॉस्ट स्प्रेड (एक्झॉस्टच्या थर्मोकपलांमधला तापमानाचा फरक): पाणी दिल्यावर एकच थर्मोकपल गट थंड दिसू लागला तर कॅनमधलं (वेगवेगळ्या ज्वलनकक्षांमधलं) वाटप बिघडलंय. दोषी कॅन शोधताना लोडप्रमाणे प्रवाह किती फिरतो ते धरून मागे मोजा, समोरचा कॅन उघडू नका.

पायरी ६: चालवण्याची शिस्त

मशीन लोड घेऊन स्थिर झाल्याशिवाय पाणी सुरू करू नका, आणि सुरू करताना रॅम्पने वाढवा. वाफेची लाइन आधी तापवा, ड्रेन कोरडे पडेपर्यंत उघडे ठेवा आणि वाफ किमान २५-३० अंश सुपरहीटमध्ये आहे याची खात्री करा. ओली वाफ म्हणजे पाण्याचा फटका. ट्रिपच्या वेळी इंजेक्शनचा व्हॉल्व्ह खरोखर बंद होतो का, हे वर्षातून एकदा सिम्युलेट करून बघा. गळका व्हॉल्व्ह थांबलेल्या, अजून गरम असलेल्या मशीनमध्ये थेंब थेंब पाणी सोडत बसतो.

वस्तुमान वाढलं की टर्बाइनच्या तोंडाशी दाब वाढतो, म्हणजे कंप्रेसरचं प्रेशर रेशो वर जातं आणि सर्ज मार्जिन (कंप्रेसरमधला प्रवाह उलटण्यापासूनचं सुरक्षित अंतर) घटतं. घाणेरडा कंप्रेसर आणि जास्तीत जास्त वाफ ही जोडी टाळा. आधी ऑफलाइन वॉश, मग वाफ. थंडीच्या पहाटे जनरेटर आणि शाफ्टची मर्यादाही आड येऊ शकते.

नॉक्सच्या मर्यादेच्या खूप खाली चालवू नका. मर्यादा ७५ असताना ऑपरेटर भीतीपोटी ४५ वर चालवतात. त्यातलं पाणी फुकट जातं, स्पंदनं मात्र फुकट मिळत नाहीत. अ‍ॅनालायझर नीट कॅलिब्रेट करून, थोडं अंतर ठेवून, प्रमाण खाली आणा.

पायरी ७: पाणी बंद करायचं का?

गुणक, कंबशन इन्स्पेक्शनचे जादा शटडाउन, डीएम पाण्याचा खर्च आणि इंधनाचे २-३ टक्के एकत्र मांडले की बऱ्याच वेळा ड्राय लो नॉक्सचं रूपांतर चर्चेत येतं. ७ईएला डीएलएन-१ ने गॅसवर ९ पीपीएमपर्यंत जाता येतं, पाण्याशिवाय. मात्र दुहेरी इंधनाचं मशीन असेल तर डिझेलवर पाणी तरीही लागतंच. डीएम प्लांट मोडीत काढण्याआधी हे विचारात घ्या. आणि पॉवरसाठी वाफ देणं थांबणार असेल, तर ते ८-१० टक्के मेगावॅट कुठून भरून काढणार हा प्रश्न कमर्शियल विभागाकडे आधीच लेखी पाठवा, कारण रूपांतर झाल्यावर तो तुमच्याकडेच परत येतो.